होऊन गेलेली

हनुवटी यंत्राच्या टेकूवर ठेवून, कपाळ वरच्या पट्टीला लावून बसलेला माणूस सहसा बोलत नाही. बोलायला गेला की हनुवटी हलते आणि डोळा भिंगासमोरून निसटतो. पण हा गाडी चालवायला शिकवणारा मास्तर होता. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून बडबड करायची सवय, तोंडाला कुलूप म्हणून काही ठाऊकच नाही. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ती त्याच्या डाव्या डोळ्यातल्या लालसर रेषा बघत होती. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये एक प्लास्टिकचा पातळ पत्रा आणि वीतभर हवा. "डोळे चुरचुरायला लागले ते दुसऱ्यांदा झाल्यापासून," तो म्हणाला. काय दुसऱ्यांदा, असं तिने अर्धवट लक्ष देत विचारलं. "हेच हो, कोविड. पहिल्या खेपेला नुसतं अंग मोडून आलं. म्हटलं, सुटलो, आता आपल्या वाटेला कोणी जात नाही. तीन-चार महिने झाले असतील नसतील, पुन्हा धरलं. आणि दुसऱ्याने पार लोळवलं बघा!" तो हसला, आणि हसताना त्याचा मास्क नाकाखाली घसरला. "खाली बघा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मग तिने त्याच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवली, एकामागून एक भिंगं घातली, आणि दिवसभरात शंभर वेळा विचारायचा तो प्रश्न विचारला. पहिलं बरं दिसतं की दुसरं? दुसरं म्हणताना तिची जीभ अडखळली. "दोन्ही सारखंच वाटतंय," मास्तर म्हणाला. सगळे तसंच म्हणतात. एरवी ती हसून पुन्हा विचारते, आज तिने विचारलं नाही.

तिला होऊन गेला होता. घरात, दुकानात, ओळखीपाळखीत तिची हीच ओळख झाली होती. होऊन गेलेली. लग्न होऊन गेलेली, बाळंतपण होऊन गेलेली असं बायकांबद्दल बोलतात, तिच्या बाबतीत त्यातलं काही झालं नव्हतं. झाला होता तो हा आजार. आणि तो झाल्याबरोबर, बापाच्या घरात सगळ्यात धाकटी म्हणून जिला प्रत्येक गोष्ट शेवटी कळायची, ती एकदम सगळ्यांच्या कामाची झाली. औषधं आणायला ही, बँकेत ही, शेजारच्या आजींना लस टोचायला घेऊन जायला ही. हिला काय, हिला होऊन गेलाय. आणि सगळ्यात मोठं काम ताईचं. ताईचा आजार रक्तातला होता. त्यावरची औषधं अशी, की आजाराबरोबर अंगातली सगळी झुंजायची ताकदही धुऊन नेत. लस घेऊनही तिच्या रक्तात काही तयार होत नव्हतं. तिला साधी सर्दीसुद्धा परवडणार नाही, असं तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून ताईची खोली वेगळी. भावोजी पोस्टात काउंटरवर बसणारे, दिवसभर माणसांत, म्हणून ते बाहेरच्या खोलीत झोपत, ताट दाराशी ठेवत, आणि दोन मास्क लावून उंबऱ्यापलीकडून बायकोशी बोलत. मग एका दुपारी ताईचाच फोन आला होता. डॉक्टरांना विचारलं मी, म्हणाली, ज्यांना होऊन गेलाय त्यांच्याकडून सहा महिने तरी भीती नाही. तू ये. मास्कबिस्क काही नको, तशीच ये. ताईच्या आवाजात इतका उत्साह होता की तिने सहा महिने कुठून मोजायचे, हे विचारलंच नाही. विचारावंसं वाटलंच नव्हतं. त्या दिवशी ती ताईच्या खोलीत उघड्या तोंडाने शिरली आणि ताईने तिला असं कवटाळलं की बरगडीत कळ आली.

ताई पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावर उभी राहून ओरडली तर पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जावं असा आवाज, आणि दिवसभर लोकांच्या पोरांच्या हनुवट्या पाण्यावर धरून ठेवणारे हात. अशा बाईला महिनोन्‌महिने कोणी बोट लावलं नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशी ताईने बोलण्यात वेळ घालवला नाही. नखं काप, म्हणाली. पाय चेप. मानेवर हात ठेव, नुसता ठेव. ती मानेवर हात ठेवून बसली, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की ताई रडतेय, आणि तिला स्वतःला मात्र लाज वाटावी इतका आनंद होतोय. बहिणीच्या दुखण्यात कसला आनंद? पण होत होता खरा. सगळं जग दाराबाहेर आणि आत जायचा परवाना एकटीला. तिच्या स्वतःच्या तापाच्या दिवसांत ती आपल्या खोलीत एकटी पडून छताकडे बघत होती. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपलं तरी तिला वास आला नव्हता. आपण मेलो तर कोणाला कधी कळेल याचा हिशेब ती करत होती. त्या सगळ्या भीतीचं देवाने हे बक्षीस दिलं असं तिला वाटायचं. फुकट काही मिळत नाही, हे पैसे भरून घेतलेलं आहे, असं ती स्वतःला समजवायची. भरलेल्या गोष्टीची मुदत असते, हे मात्र तिने मनात येऊ दिलं नव्हतं.

"पुढचं गिऱ्हाईक घ्या ना," मालकांनी काचेच्या पलीकडून म्हटलं. मालकांनी आपल्या गल्ल्याभोवती तिन्ही बाजूंनी काच लावून घेतली होती आणि आत ते बरणीतल्या लोणच्यासारखे बसत. दुकानात तपासणारे दोघं होते, पण दुसरा हल्ली फ्रेमा पुसायचं काम काढून बाजूला असायचा. काळोख्या खोलीत माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन बसायचं ते तिने. "तुम्हाला काय," मालक म्हणाले, "तुम्ही आपल्या चिलखत घालून आलेल्या." हे ते रोज म्हणत आणि रोज स्वतःच हसत. आज तिने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला काय माहीत आहे? कोणाला काय माहीत आहे? एक जण म्हणतो तीन महिने, एक म्हणतो आठ, एकीच्या नणंदेने कुठेतरी वाचलं की जन्मभर. जितकी तोंडं तितके आकडे. पुढची बाई खुर्चीवर बसली, हनुवटी टेकवली, आणि खोकली. "ठसका हो, पाण्याचा," बाई घाईने म्हणाली. हल्ली सगळ्यांना पाण्याचाच ठसका लागतो. ती बाईच्या बाहुलीत प्रकाश सोडून बघत राहिली, आणि तेवढ्यात तिच्या स्वतःच्या घशात, उजव्या बाजूला, खोल, काहीतरी टोचलं. माशाचा बारीक काटा अडकावा तसं. तिने आवंढा गिळला. काटा तिथेच. पुन्हा गिळला. आता तो आहे की नाही हे कळेना, कारण आता ती त्याच्याकडेच लक्ष देऊन बसली होती, आणि घशाकडे इतकं लक्ष दिलं तर कोणाचाही घसा दुखेल.

बाई गेल्यावर ती मागच्या मोरीत गेली, आरशासमोर तोंड वासून उभी राहिली आणि तपासायच्या टॉर्चने स्वतःच्या घशात पाहू लागली. लाल दिसत होतं. पण घसा लालच असतो. लोकांच्या डोळ्यांतली केसाएवढी रेघ ती क्षणात ओळखायची, आणि इथे स्वतःच्या तोंडातलं तिला काही उमगत नव्हतं. टॉर्च विझवला की आरशात काळं भोक दिसायचं, लावला की लाल. तिने साबणाची वडी नाकाशी धरली. वास आला. कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं, आला. मग तिला आठवलं की मास्तर म्हणाला होता, दुसऱ्याने लोळवलं. वासाचं काही बोलला नव्हता. दुसऱ्या वेळी वास जात नसेल. दुसऱ्या वेळी काहीच कळत नसेल. पहिला चोर दार वाजवून आला होता, दुसरा घरातच राहत असेल. घरातच, म्हणजे कधीपासून? मास्तर तर आज आला. पण गेल्या आठवड्यात, त्याच्या आधीच्या आठवड्यात, त्या खोलीत तिच्या तोंडासमोर किती चेहरे येऊन बसले, त्यांतल्या किती जणांना पाण्याचा ठसका लागला होता, आणि त्यांतला प्रत्येक दिवस संपल्यावर ती कुठे गेली होती? ताईकडे. काल ताईच्या डोक्यावर नुकतेच उगवू लागलेले केस बघून तिने त्यावर गाल टेकवला होता. किती मऊ गं, म्हणत ती बराच वेळ तशीच राहिली होती.  ती बेसिनच्या काठाला धरून उभी राहिली.

लहानपणी पकडापकडी खेळताना ती कच्चं लिंबू असायची. सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला पकडलं तरी तिच्यावर राज्य नाही. मोठी पोरं भिंतीच्या आडोशाने, झाडामागून, जीव मुठीत धरून पळायची, आणि ही मैदानाच्या मधोमध हात पसरून धावायची, राज्य असलेल्याच्या तोंडासमोर जाऊन वाकुल्या दाखवायची. आपण फार चपळ आहोत अशी तिची खात्री होती. कोणी सांगितलंच नव्हतं की आपल्याला पकडतच नाहीत. ताईने आजारपणात पहिल्यांदा तिला आत घेतलं तेव्हा हाच शब्द वापरला होता, तू आमचं कच्चं लिंबू, तुझ्यावर राज्य नाही, आणि दोघी खूप हसल्या होत्या. पण तेव्हा तिला तो दुसरा दिवस आठवला नव्हता. ती नेहमीसारखी मधोमध धावत होती आणि एका पोराने तिच्या पाठीत रट्टा घालून सांगितलं, तू आऊट, तुझ्यावर राज्य. ती म्हणाली, मी कच्चं लिंबू आहे. सगळी हसली. आता नाहीस, पोरं म्हणाली, आता तू मोठी झालीस. कधी ठरलं हे? ठरलं मघाशी. मला का नाही सांगितलं? तोवर सगळी पांगून लपलीसुद्धा. ती मैदानात एकटी उभी, आणि अंगावर काही वेगळं वाटत नव्हतं. हात तेच, पाय तेच. एका क्षणापूर्वी जिला काही होत नव्हतं, तिला आता होऊ शकत होतं, आणि मधे नुसती हवा.

तिने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हातारे गृहस्थ, घाईत असले तरी फोन घ्यायचे. तिने विचारलं, एकदा होऊन गेला की सहा महिने नक्की काही होत नाही ना? "कोणी सांगितलं?" डॉक्टर म्हणाले. ताईच्या डॉक्टरांनी, ती म्हणाली.  "असं नाही सांगायचे ते. बाई, हे काही दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखं नसतं. कमी होत जातं, हळूहळू. कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा. पुन्हा झाला तर बहुधा हलका होतो. बहुधा. आणि तुम्हाला हलका झाला म्हणजे ज्याला तुमच्याकडून जाईल त्यालाही हलकाच होईल, असं नाही." तिने विचारलं, मग माझं किती उरलं असेल? "ते मला कसं कळणार? तुम्हाला तरी कसं कळणार?" मग त्यांचा सूर मऊ झाला. "काही होतंय का?" नाही, ती म्हणाली, सहज विचारलं. "मास्क लावत असाल ना बहिणीकडे जाताना?" ती हो म्हणाली. खोटं बोलल्यावर घसा खरोखर कोरडा पडला.

संध्याकाळी ती ताईच्या घराकडे निघाली ती रोजच्याच रस्त्याने. औषधांचं दुकान, चाव्या बनवणाऱ्याची टपरी, मुलांची घसरगुंडी. घशातला काटा चालताना नसायचा आणि थांबली की यायचा, म्हणून ती थांबत नव्हती. आज फोन करून सांगावं की बरं नाही. पण बरं नाही म्हटलं की ताई विचारणार काय होतंय, आणि काय होतंय हे सांगितलं की संपलं. आज संपलं, उद्या संपलं. तपासून घेतलं आणि काही निघालं नाही तर? तर परवा पुन्हा काळोखी खोली, पुन्हा कोणाचा तरी ठसका. एकदा ही शंका आत आली की रोज येणार. म्हणजे ताईला आता कोणीच नाही. तलावावरच्या त्या बाईने खिडकीशी बसून एकटीने संपत जायचं, ताट दाराशी. आणि तरी आत गेलं तर? गेलं तर काय होईल हे तिने शब्दांत आणलं नाही; पण तिला ताईची मान दिसली, हाताखालची, उबदार, आणि त्या मानेत उतरणारं काहीतरी, ज्याला रंग नाही आणि आवाज नाही, आणि जे तिच्या बोटांतून गेलं. माणूस मारायला कोणी इतक्या प्रेमाने जात नसेल. ती ताईच्या दारात पोचली. तिने पर्समधून मास्क काढला आणि लावला. मग त्यावर दुसरा लावला.

"आलीस?" भावोजींनी दार उघडलं. "सकाळपासून वाट बघतेय. आज डोकं धुवून घ्यायचंय म्हणते तुझ्याकडून, पाणीसुद्धा तापवून ठेवायला लावलंय." मग त्यांचं लक्ष मास्ककडे गेलं.  "काही...?" "काही नाही," ती म्हणाली. "असाच लावला." भावोजींनी मान डोलावली, पण ते बाजूला सरले ते नेहमीपेक्षा जास्त सरले.

ताईच्या खोलीचं दार उघडंच होतं. ताई खांद्यावर टॉवेल टाकून, झग्याच्या बाह्या वर सारून उभी होती. चेहरा खंगलेला, पण डोळे लखलखत होते. "अगं ये ना, उंबऱ्यावर काय उभी राहिलीस पाहुणीसारखी? आणि हे काय तोंडाला? काढ ते." ती हलली नाही. "ताई, आज नको. मी तपासून घेते आधी. मग येते." "कशाला तपासायचंय? तुला होऊन गेलाय." "पुन्हा होतो म्हणे. एक गिऱ्हाईक आलं होतं आज, त्याला झाला."  ताई हसली, पूर्वी तलावावर एखादं पोर पाण्यात उतरायला घाबरलं की हसायची तशी. "पुन्हा होतो, हे मला काय माहीत नाही? सगळ्या जगाला माहीत आहे." "पण सहा महिने..." "कसले सहा महिने? मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं." ताईने टॉवेलाचं टोक हाताभोवती गुंडाळलं. "विचारलं असतं तर नको म्हणाले असते. म्हणून नाही विचारलं. मला माणूस हवं होतं गं. यांना म्हटलं असतं तर ते घाबरले असते. तू घाबरली नसतीस, फक्त तुला कारण हवं होतं, ते मी दिलं. झालं? इतके महिने येतेस, काही झालं? नाही ना? मग ये. आणि झालं तर होऊ दे. मला काय, आज आहे उद्या नाही. असं काचेत ठेवलेल्या बाहुलीसारखं जगून तरी काय करायचंय मला? ये, पाणी निवतंय."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. इतके महिने आपण ज्यावर पाय रोवून उभ्या होतो तिथे जमीनच नव्हती, हे ऐकून तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. आणि त्याच वेळी एक लबाड विचार डोकावला, की ताईने स्वतःच जबाबदारी घेतलीय. तिला माहीत आहे. तिला चालतं. मग जावं आत, काढावा मास्क, धुवावं डोकं. जे होईल ते दोघींचं. ताई हात पुढे करून तिच्याकडे येऊ लागली. तीन पावलांवर. दोन. ताईच्या हाताची बोटं तिच्या मनगटाकडे आली.

"माझा घसा खवखवतोय," ती म्हणाली.

ताई मागे सरली. तिने विचार करून काही केलं नाही. तिच्या अंगानेच ते केलं. गरम तव्याला बोट लागावं तसा हात परत गेला, पाठ जाऊन कपाटावर आदळली, कपाटातलं काहीतरी खळकन वाजलं. टॉवेल तिने नाकातोंडावर दाबून धरला होता. त्याच्यावरून दिसत होते ते फक्त डोळे, आणि जन्मात कधी ताईच्या डोळ्यांत न पाहिलेली भीती त्यांत होती, साधी, उघडी, लहान पोराची.  ताईला लाज वाटली. टॉवेल खाली घ्यायला तिचा हात जरासा हलला. पण तिने तो खाली घेतला नाही. आज आहे उद्या नाही म्हणणाऱ्या बाईला उद्याही हवा होता. परवाही. सगळेच हवे होते. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या तिला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं, इतकं बरं की डोळे भरून आले. मग त्या बरं वाटण्याच्या मागोमाग, दिवसभरात आली नव्हती एवढी मोठी भीती आली. ताईने आशा सोडली असती तर गमवायला थोडंच होतं. आता तिला कळलं होतं की त्या खोलीत केवढं जिवंत माणूस आहे.

"खिडकी उघडते मी," ताई टॉवेलाआडून म्हणाली. तिने खिडकी उघडली, तिथेच पाठ लावून उभी राहिली, आणि बाहेरची हवा घेतल्यावर मग विचारलं, "कधीपासून?"

"दुपारपासून."

"काल होता?"

तिने काल आठवून पाहिला. काल ती आली होती, मास्क नव्हता, ताईच्या डोक्यावर गाल होता. घसा? काल तिने घशाकडे पाहिलंच नव्हतं. असेल. नसेलही. ताई खिडकीच्या गजाला धरून तिच्या तोंडाकडे, मास्ककडे, एकटक बघत होती.

"काल नव्हता," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.